रानातल्या घोडीचं बाळंतपण कोण करतं?

गोरेगावच्या एका ताईंनी विचारलं आहे: "दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला गेलो होतो. घोडी व्यायला आली की आपण रात्र रात्र जागतो, अडली तर डॉक्टरांना बोलावतो, असं तिथला घोडेवाला सांगत होता. त्यावर माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली, मग रानातल्या घोड्यांची डिलिव्हरी कोण करतं? त्यांची पिल्लं जगतात का? आणि मुंबईतल्या व्हिक्टोरिया बग्ग्या बंद झाल्या तेव्हा ते घोडे जंगलात का नाही सोडून दिले?"

ताई, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून बत्तीस वर्षं मी घोड्यांमध्येच काम करतोय. त्यातली बरीच वर्षं व्यायला आलेल्या घोड्यांपाशी जागण्यात गेली. तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

रानातली घोडी स्वतःच विते, आणि बहुतेक वेळा व्यवस्थित विते. पण व्याणं हे तिच्या कामातलं सर्वांत छोटं काम आहे. ते अर्ध्या तासात उरकतं. शिंगरू वर्षभर जगवणं आणि ते करताना स्वतः तगून राहणं, हे खरं काम. कळप वाढतो की आटतो, हे त्यावर ठरतं.

आधी तो अर्धा तास बघू. पुण्याकडच्या एका स्टड फार्मवरची थंडीतली रात्र मला अजून आठवते. अडीचच्या सुमारास घोड्यांची देखभाल करणाऱ्या साईसने हाक मारली, "डॉक्टर, घाम फुटलाय बघा." घोडीच्या माना-खांद्यावर घाम होता, ती उठत-बसत होती, वळून कुशीकडे बघत होती. पाणी फुटलं, ती कुशीवर आडवी झाली, आणि पांढुरक्या पडद्यात पहिला खूर दिसला. दुसरा त्याच्या वीतभर मागे आणि दोन्ही पायांवर टेकवलेलं नाक. पाण्यात सूर मारताना माणूस हात पुढे धरतो, तशी ही शिंगराची बरोबर ठेवण. एक पाय मागे असल्यामुळे खांदे तिरके होतात आणि आईच्या कमरेतून निघतात. मी पडदा बाजूला केला, बाकी कशालाही हात लावला नाही. अठरा मिनिटांत शिंगरू पेंढ्यावर होतं. त्याच्या खुरांवर ओल्या खोबऱ्याच्या मलईसारखं, पिवळसर, मऊ आवरण होतं. पोटात लाथा झाडताना गर्भाशय फाटू नये म्हणून ते असतं. शिंगरू चालायला लागलं की काही तासांत झिजून जातं. असं शिंगरू पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास त्या खुरांना हात लावून बघतो.

मग आमचं घड्याळ सुरू होतं: एका तासात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत दूध ओढलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. तबेल्यात आम्ही हे वहीत मांडतो. रानात कुणी मांडत नाही, पण घड्याळ तेच असतं. घोडा हा उघड्या माळाचा प्राणी. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली चितळ मादी पाडसाला गवतात लपवून ठेवते आणि फक्त पाजायला येते. माळावर लपायला जागा कुठून आणणार? म्हणून शिंगराला पहिल्या दिवसापासून आईच्या मागे धावावं लागतं. अकरा महिने पोटात राहून ते लांब, जवळपास तयार पाय घेऊन येतं ते यासाठीच. घोड्या बहुतेक रात्रीच वितात. एवढंच नाही, आजूबाजूला वर्दळ असेल तर व्याणं काही काळ लांबवूही शकतात. मी दिवा लावून समोर बसलो की घोडी थांबायची आणि चहाला गेलो की व्यायची, हे मी कितीतरी वेळा अनुभवलंय.

घोडी अडतेही. वेगवेगळ्या जातींत हे प्रमाण शंभरात साधारण चार ते दहा धरतात. लांब मान किंवा एखादा पाय मागे वळला की अडकतं, आणि जोरात कळा सुरू झाल्यावर अर्धा-पाऊण तास गेला की शिंगराच्या जिवाला धोका होतो. माथेरानचा घोडेवाला जागतो ते यासाठी. रानात अशा वेळी शिंगरू जातं, पुष्कळदा घोडीही जाते. निसर्गात सगळं आपोआप नीट होतं असं आपल्याला वाटतं, कारण जी वाचली तीच आपल्याला दिसतात. मात्र जिची कमर अरुंद किंवा ठेवण वाईट, तिचा वंश पिढ्यानपिढ्या तिथे मागे पडत गेला. तबेल्यात आपण अशा घोडीला वाचवतो आणि पुढच्या वर्षी परत गाभण करून घेतो, हा फरकही ध्यानात ठेवायला हवा.

दुसरा धोका दिसत नाही. माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं पोटात असतानाच मिळतात. घोडीची वार वेगळ्या बांधणीची, त्यातून ती जवळपास पोहोचतच नाहीत. शिंगरू या बाबतीत रिकाम्या हाताने जन्माला येतं आणि सगळी शिदोरी चिकातून घेतं. तीही पहिल्या दिवसातच, कारण साधारण चोवीस तासांनी आतड्याची ती दारं बंद होतात. एका तबेल्यात "पहिलं दूध घाण असतं" म्हणून कुणीतरी चीक पिळून टाकला होता. मला तिसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा शिंगराचे गुडघे सुजलेले, अंग तापलेलं. रक्तातून जंतू सांध्यांत पोहोचले होते. आम्ही पाच दिवस झगडलो, ते वाचलं नाही. रानात चीक कुणी पिळत नाही, पण थंडीत कुडकुडून जे शिंगरू दोन-तीन तासांत उठलं नाही, त्याची गत तीच होते. वरवर पाहणाऱ्याला ते थंडीने गेलं असं वाटतं, त्यामागे चीक न मिळणं असतं.

आता जगण्याचं गणित. यात मुख्य पात्र शिंगरू नाही, आई आहे. घोडी एका वेळी एकच शिंगरू देते. जुळी राहिली तर बहुतेक गर्भ पडतो, कारण एका गर्भाशयातली जागा दोघांना पुरत नाही. भ्रूणाची एक गोष्ट मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडते. पहिले सोळा-एक दिवस तो एका जागी रुजत नाही. गर्भाशयाला दोन फाटे असतात, त्यातल्या एकातून दुसऱ्यात असा दिवसभर फिरत राहतो आणि सगळीकडे "मी आलोय" अशी वर्दी देतो. ही फेरी अर्धवट राहिली तर आईचं शरीर गर्भ नाहीच असं समजून पुन्हा माजावर येतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर सकाळी डावीकडे दिसलेला काळा ठिपका दुपारी उजवीकडे सापडतो.

व्यायल्यावर आठ-दहा दिवसांतच घोडी परत माजावर येते. म्हणजे अंगावर पिणारं शिंगरू आणि पोटात दुसरं, ही तिची नेहमीची अवस्था. पाचशे किलोची घोडी दूध भरात असताना दिवसाला बारा ते पंधरा लिटर दूध देते. हे कुठून येतं? गवतातून, आणि गवत नसलं की तिच्या अंगावरच्या चरबीतून. म्हणून वाईट वर्षी रानातली घोडी गाभण राहत नाही किंवा राहिलेला गर्भ टाकते, आणि एक वर्ष सोडून पुढच्या वर्षी विते. वाचायला हे क्रूर वाटेल, पण कळप त्यावरच टिकतो. जाणती घोडी वीस वर्षं जगू शकते आणि त्यात दहा-बारा शिंगरं देऊ शकते. एका शिंगरापायी ती मेली तर पुढची सगळी गेली. म्हणून मोठ्या घोड्यांचं वर्षागणिक जगण्याचं प्रमाण चांगलं आणि बरंचसं स्थिर असतं, चढउतार होतात ते शिंगरांच्या जगण्यात.

न्यूझीलंडच्या कायमानावा डोंगराळ भागातल्या मोकाट घोड्यांवर बरीच वर्षं अभ्यास झाला. त्यात दिसलं की गर्भ राहताना अंगाने चांगल्या भरलेल्या घोड्यांना नर शिंगरं जास्त झाली, रोडावलेल्यांना माद्या. त्याहून मोलाची गोष्ट दुसरी. ज्या घोड्यांची इतर घोड्यांशी, नातं नसतानाही, घट्ट मैत्री होती, त्यांना शिंगरं जास्त झाली आणि ती जास्त जगली. मैत्री म्हणजे काय, तर जवळ उभं राहणं, एकमेकींच्या मानेवर दातांनी खाजवणं, तोंड-शेपटी करून एकमेकींच्या माश्या हाकलणं. अशा घोड्यांना नरांचा त्रासही कमी होतो. तबेल्यात आपण घोड्या एकेका खणात ठेवतो, शेजारीण बदलली की घोडी दोन दिवस वैरण कमी खाते, आणि आपण म्हणतो हवा बदलली. हा अभ्यास वाचल्यापासून मी मालकांना जोड्या मोडू नका म्हणून सांगत आलोय.

नराबद्दल थोडक्यात. एक नर, चार-सहा घोड्या आणि त्यांची शिंगरं, असा छोटा कळप असतो. तरुण नर वेगळी टोळी करून फिरतात. घोडी दोन-तीन वर्षांची झाली की बहुधा स्वतःहून बापाचा कळप सोडते, त्यामुळे जवळच्या नात्यात संकर सहसा होत नाही. कळपाचा नर वारंवार बदलला तर घोड्यांची धावपळ होते, चरणं कमी होतं, आणि ते शेवटी शिंगरांवर निघतं.

आपण ज्यांना जंगली घोडे म्हणतो, ते बहुतेक पाळीव घोड्यांचे मोकाट झालेले वंशज आहेत. अमेरिकेतले मस्टँग तसलेच. आपल्याकडे आसामच्या दिब्रू-सैखोवात तसा कळप आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांपासून आलेला. अस्सल रानघोडा म्हणून ओळखला जातो तो मंगोलियाचा ताखी. त्याची गुणसूत्रं ६६, आपल्या घोड्याची ६४. रानात ताखी शेवटचा दिसला १९६९ मध्ये. त्यानंतर जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जेवढे उरले, ते सगळे डझनभर पूर्वजांचे वंशज. १९९२ मध्ये त्यांना मंगोलियात परत नेलं. गोबीतल्या जागी पहिला कळप लगेच मोकळा सोडला नाही, आधी काही वर्षं मोठ्या कुंपणात ठेवून तिथली थंडी, पाणी, गवत अंगवळणी पडू दिलं. इतकं करूनही २००९-१० च्या हिवाळ्यात 'झुद' आला. आधी दुष्काळ, मग जाड बर्फ आणि हाडं गोठवणारी थंडी, याला तिकडे झुद म्हणतात. गोबीतले सुमारे दोन-तृतीयांश ताखी त्या एका हिवाळ्यात गेले. मघाशी सांगितलेलं गणित इथे उलटं पडलं, मोठ्या घोड्याही मेल्या, आणि म्हणून सावरायला वर्षं लागली. नुसती शिंगरं गेली असती तर पुढच्या वसंतात तूट भरून निघाली असती.

दुसरं टोक अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात दिसतं. तिथे भरपूर माळ आहे आणि मारणारं जनावर फारसं नाही. चांगल्या वर्षी शंभरातली नव्वदच्या आसपास शिंगरं वर्ष काढतात आणि कळप वर्षाला पंधरा ते वीस टक्के वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या सीमेवर माँटगोमेरी पासला मात्र पहाडी सिंह (प्यूमा) इतकी शिंगरं उचलायचे की कळप वाढायचाच नाही. तोच घोडा, तेवढंच व्याणं, फरक फक्त शिकाऱ्याचा. अमेरिकेने १९७१ च्या कायद्याने मस्टँगना संरक्षण दिलं, आणि २०२० पर्यंत सरकारी माळांवर घोडे आणि गाढवं मिळून ९५ हजारांच्या घरात गेली. त्या माळांना झेपणारा आकडा सरकारच्याच हिशोबाने तेव्हा सत्तावीस हजारांच्या आसपास होता.

यावर मला पटलेला उपाय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या अ‍ॅसटिग बेटावरचा. तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी घोड्यांना दुरून, बंदुकीतल्या सुईने, गर्भनिरोधक लस द्यायची सुरुवात झाली. डुकराच्या स्त्रीबीजाभोवतीच्या आवरणापासून ती बनवतात. घोडीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात, ती तिच्याच बीजाला वेढतात आणि शुक्राणू चिकटत नाही. माज येतो, कळप मोडत नाही, फक्त गर्भ राहत नाही. आणि पुढे दिसलं काय, तर लस दिलेल्या घोड्या अंगाने भरल्या आणि इतरांपेक्षा जास्त वर्षं जगल्या. दरवर्षी दूध आणि गर्भ हे दोन्ही ओढण्याची किंमत घोडी काय मोजते, हे मला यातून जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

आता व्हिक्टोरियाचे घोडे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बग्ग्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं. तेव्हा मलाही पुष्कळांनी विचारलं होतं, सोडून का देत नाही? मी त्यातले कितीतरी घोडे हाताळलेत. डांबरावर धावून सांधे गेलेले, खुरांना नाल ठोकलेली, जन्मापासून तोबऱ्यातला दाणा खाल्लेले. नाल निखळला की कडेचं कवच तुटलेल्या खुराने खडकावर चालणं म्हणजे नखाखाली खडा घेऊन चालणं. आमचं बोरिवलीचं जंगल झाडांचं आहे, गवताचं नाही, आणि तिथे बिबटे दाट आहेत. बरं, सगळा चरायचा शहाणपणा आईकडून येतो. कुठलं पान खायचं नाही, उन्हाळ्यात पाणी कुठे उरतं, हे शिंगरू आईच्या मागे चालून शिकतं. नागपाड्याच्या तबेल्यात वाढलेल्याला ते शिकवणार कोण? ताखींना, जे निदान रक्ताने रानाचे होते, काही वर्षं कुंपणात ठेवावं लागलं. शिवाय रोग. घोड्यांचा ग्लँडर्स माणसालाही होतो. तपासणी न केलेला घोडा रानाजवळ, गावाजवळ सोडणं हे मी कधीच मान्य केलं नसतं. त्या घोड्यांना हवी होती ती सावली, पाणी, चारा आणि नालबंद येईल अशी जागा.

रोगावरून आठवलं. आपल्याजवळच, कच्छच्या छोट्या रणात, रानगाढव म्हणजे घुडखर आहे. १९६० च्या आसपास सर्रा नावाच्या रोगाने आणि आफ्रिकन हॉर्स सिकनेसने त्याची वाताहत झाली. सर्रा घोडमाशीच्या चाव्यातून पसरतो, मुंबईच्या घोड्यांतही आम्ही आजही त्याची तपासणी करतो. १९६९ च्या मोजणीत घुडखर ३६२ उरले होते. अभयारण्य झालं, राखण झाली, आणि २०२४ च्या मोजणीत ते ७,६७२ भरले. लस नाही, दवाखाना नाही. जाणत्या माद्या वाचल्या आणि बाकीचं त्यांनी केलं.

म्हणून लेकीला खरं बघायचं असेल तर तिला रणात घेऊन जा. भुजच्या गाडीने विरमगामला उतरा, तिथून दसाडा किंवा बजाणा रस्त्याने जवळ. अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतं, आणि पिल्लं बहुतेक पावसाळ्यात झालेली असतात, त्यामुळे पुढच्या दिवाळीत ती दोन-चार महिन्यांची दिसतील. पहाटे निघा. चिखल वाळून भेगाळलेली सपाट जमीन असते, मध्ये मध्ये उंचवटे, त्यांना तिथे बेट म्हणतात, आणि गवत त्या बेटांवरच. माद्या आणि पिल्लं तिथेच शोधा. घुडखराचे नर घोड्यासारखा कळप बाळगत नाहीत, जागा राखतात, म्हणून एकटा उभा नर दिसला तर तो हरवलेला समजू नका.

पिल्लू जमिनीवर सपाट पडलेलं दिसलं तर लेक घाबरेल. तिला सांगा, ते मेलेलं नाही, झोपलंय. जवळ त्याची आई उभी असेल, मान खाली घालून, अर्धवट डोळे मिटून. मुलीला आईचे कान बघायला सांगा. एक कान पिल्लाकडे असेल, दुसरा फिरत असेल. दोन्ही कान गाडीकडे वळले की तिथंच थांबा, इंजिन बंद करायला सांगा. पाच-सात मिनिटांत एक कान परत पिल्लाकडे वळतो.